सरासरी नागरिकाच्या मापाची पंगत

जगातली प्रत्येक अडचण ही मुळात चुकलेल्या मापाची अडचण असते, असं ठामपणे मानणारा एकच माणूस माझ्या पाहण्यात आला आणि तो नेमका माझ्या बायकोचा मामा निघाला. कुणा नवरा-बायकोचं पटत नाही असं कानावर आलं, की मामा आधी विचारणार, त्यांचा स्वयंपाकाचा ओटा किती उंच आहे. कुणाचा मुलगा नापास झाला, की त्याच्या टेबलावरचा दिवा डावीकडे आहे की उजवीकडे. एकदा आम्ही सगळे इगतपुरीला धबधबे बघायला गेलो. बाकीच्यांनी धबधब्यापुढे उभं राहून फोटो काढून घेतले. मामा एका चहाच्या टपरीपुढे भिजत उभे होते, कारण टपरीच्या पत्र्यावरून गळणारं पाणी थेट गिऱ्हाइकाच्या कपात पडत होतं आणि त्यांना त्या पत्र्याचा उतार बघवत नव्हता. परतताना गाडीत त्यांनी नव्या उताराचं रेखाटन केलं आणि पुढच्या रविवारी फक्त तो कागद टपरीवाल्याला द्यायला पुन्हा इगतपुरी गाठली. टपरीवाल्याने कागद कौतुकाने पाहिला आणि त्यातच मामांना भजी बांधून दिली. मामांना त्याचं वाईट वाटलं नाही. ते म्हणाले, ‘तेल शोषून घेत होता. कागद चांगला आहे.’

मामा सरकारी बांधकाम खात्यात आरेखक होते. आयुष्यभर त्यांनी रस्त्याखालच्या मोऱ्यांचे नकाशे काढले. निम्मा जिल्हा रोज त्यांच्या मोऱ्यांवरून जातो आणि कुणाला त्याचा पत्ता नसतो. नकाशाच्या कोपऱ्यात तीन चौकोन असतात: काढणार, तपासणार, मंजूर करणार. मामांची सगळी नोकरी पहिल्या चौकोनात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरच्या माळ्याचा नकाशा काढला आणि तिन्ही चौकोनांत स्वतःच सह्या केल्या. तो नकाशा फ्रेम करून त्यांच्या नाशिक रोडच्या घरात अजून लावलेला आहे. माळा मात्र झालाच नाही, कारण मामी म्हणाल्या होत्या, आधी जमिनीवरचं आवरा. मामी गेल्या त्याला आता बरीच वर्षं झाली.

मला हा माणूस काय चीज आहे ते माझ्या लग्नातच कळायला हवं होतं. मंगलाष्टकं सुरू होणार, भटजींनी घसा साफ केलेला, मांडवात शांतता, आणि त्या शांततेत मामांचा आवाज आला, ‘अंतरपाट चार बोटं खाली घ्या. नवरदेवाची उंची धरलेल्यापेक्षा कमी आहे.’ अंतरपाट खाली आला. बायकोने मला पहिल्यांदा नीट पाहिलं ते तेव्हा, आणि तिचा चेहरा पाहून मला वाटलं की तिनेही उंची जास्त धरली होती.

पण मामांची खरी खुबी त्यांच्या अदबीत आहे. जावयाचा मान ते काटेकोर पाळतात. मला कधी अरेतुरे केलं नाही, ‘जावईबापू’ शिवाय हाक मारली नाही. फक्त हा मान राखून ते मला कुठल्याही कामाला लावतात. ‘जावईबापू, आपण जरा या गटाराच्या पलीकडे उभे राहता का?’ असं इतक्या आर्जवाने म्हणतात, की पलीकडे गेल्यावरच लक्षात येतं की टेपचं दुसरं टोक आपल्या हातात आहे आणि पाय गटारात आहे. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. हौशी नाटकांतून मी दोन राजे, एक सेनापती आणि एक डाकू रंगवला आहे. मामांच्या लेखी यातल्या कशालाच महत्त्व नाही. मी टेपचं दुसरं टोक धरणारा माणूस, इतकीच माझी ओळख.

त्यांच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर अक्कांचं मिसळीचं दुकान आहे. अक्का मूळच्या सायखेड्याच्या. लग्न होऊन इथे आल्या, नवऱ्याबरोबर दुकान टाकलं, नवरा गेल्यावर एकट्यांनी चालवलं. दुकान म्हणजे आगगाडीच्या डब्यासारखी एक लांबट खोली. एका बाजूने बाकडी, दुसऱ्या बाजूने भट्टी आणि मधून जायला जेमतेम वाट. सकाळी मुंबईची गाडी पकडणारे, कामावर जाणारे, रात्रपाळी करून परतणारे असे सगळे तिथे एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून मिसळ ओरपायचे. ताटात मटकी, शेव, कांदा, पापड, वाटीत दही, आणि रस्सा हवा तितका. अक्का किटली घेऊन फिरायच्या आणि न विचारता वाढायच्या.

मग ते आजाराचं वर्ष आलं. आधी सगळंच बंद झालं. नंतर नुसतं पार्सल सुरू झालं. मिसळीचं पार्सल म्हणजे रस्सा एका पिशवीत, मटकी दुसऱ्या पिशवीत, शेव पुडीत. घरी नेऊन सोडेपर्यंत पापडाचा रुमाल झालेला. पुढे दुकानं उघडायला परवानगी मिळाली, पण आत निम्मीच माणसं आणि तीही अंतर राखून. अक्कांच्या डब्यात अंतर राखायचं तर दोन माणसं बसतील, आणि तिसरं कुणी आलं तर अक्कांना बाहेर जावं लागेल. त्यांनी महिनाभर कसंबसं रेटलं आणि एक दिवस मामांना सांगितलं, की दसऱ्यापर्यंत बघायचं, नाही जमलं तर भांडी टेम्पोत घालून सायखेड्याला भावाकडे जायचं. तिथे शेतात काही ना काही काम असतंच. दुकानाच्या मालकाने पुढचा भाडेकरूही बघून ठेवला होता.

मामांनी हे ऐकलं आणि त्याच संध्याकाळी मला फोन केला. ‘जावईबापू, आपलं दुकान बंदच आहे ना?’ शाळा बंद म्हणून माझं दुकान उघडं असूनही बंदच होतं. मी हो म्हणालो. ‘मग येताना खडू घेऊन या. पांढरे नकोत, उन्हात दिसत नाहीत.’

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन डबे रंगीत खडू घेऊन गेलो तर मामा गल्लीच्या मधोमध उभे. मिसळ खोलीत मावत नसेल तर रस्त्यावर आणायची, असा साधा विचार. कॉलनीची गल्ली बंद टोकाची, रुंद, दोन्ही बाजूंना कंपाउंडच्या भिंती, रहदारी म्हणजे चार स्कूटर आणि एक दूधवाला. प्रश्न एकच, कोण किती जागा व्यापतो. मामा म्हणाले, त्यासाठी एक सरासरी नागरिक लागेल. त्यांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. तिथे ते, मी आणि एक झोपलेलं कुत्रं होतं.

त्या सकाळी मामांनी माझी जी मापं घेतली, तितकी माझ्या शिंप्यानेही कधी घेतली नाहीत. मला रस्त्यावर बसवलं, उठवलं, काल्पनिक मिसळ खायला लावली. मी अभिनयाची संधी समजून जरा रंगून खाल्ली, तर म्हणाले, ‘कोपरं मारू नका, सरासरी माणूस इतका आनंदात नसतो.’ पोटाचं माप घेताना त्यांनी टेप सैल सोडला आणि कौतुकाने मान हलवली. गल्लीतल्या सगळ्या खिडक्यांतून माणसं बघत होती. कितीतरी महिन्यांत त्यांना करमणूक नव्हती, आणि मी तर जन्मभर प्रेक्षकांच्या शोधात. पण असे प्रेक्षक मिळतील असं वाटलं नव्हतं.

पहिला नकाशा तयार झाला. एका माणसाला एक छोटं टेबल, चारी बाजूंनी सहा फूट मोकळे, आणि कुणाचा श्वास कुणाच्या तोंडावर जाऊ नये म्हणून सगळ्यांची तोंडं पूर्वेला. कागदावर ते फार देखणं दिसत होतं. मांडववाला त्या वर्षी लग्नांअभावी नुसता बसून होता, त्याने टेबलं दिली. रविवारी सकाळी बऱ्यापैकी माणसं आली, आपापल्या चौकोनात बसली आणि समोरच्याच्या पाठीकडे बघू लागली. कुणी बोलेना. बोलायला वळलं की मामा लांबून हाताने ‘पुढे बघा’ अशी खूण करायचे. रस्सा हवा असेल तर हात वर करायचा, मग अक्का किटली घेऊन पहिल्या रांगेपासून निघायच्या, आणि शेवटच्या रांगेत पोचेपर्यंत त्या माणसाचा पाव संपलेला असायचा. मी तिसऱ्या रांगेत होतो. मला का कोण जाणे घाम फुटला आणि शेजारच्याने किती खाल्लं ते चोरून बघावंसं वाटू लागलं. दहा मिनिटांत सगळे उठून गेले. अक्का किटली खाली ठेवून मामांना म्हणाल्या, ‘मामा, राग नका मानू. पण हे खाणं नाय, हे पेपर देणं हाय.’

पुढच्या रविवारी तिघे आले, त्यातला एक मी. अक्कांनी सायखेड्याला भावाला निरोप धाडला की टेम्पोचं बघून ठेव. दसऱ्याला जेमतेम महिना उरला होता. मामा घरी जाऊन नकाशापुढे बसले ते दोन दिवस बाहेरच आले नाहीत. बायको म्हणाली, जाऊन बघून या, मामा जेवतात तरी का.

आता इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुढे जे घडलं त्याची कल्पना माझी होती, असं मी आजवर निदान पन्नास जणांना सांगितलं आहे. सांगताना हावभावही करतो. खरं एवढंच, की मी मामांसाठी डबा घेऊन गेलो होतो आणि ते काही बोलेनात म्हणून बसल्या बसल्या माझ्या लग्नाची जुनी तक्रार उगाळत होतो. वरपक्षाच्या पंगतीत मी मधोमध बसलेलो, वाढपी मधल्या वाटेने मठ्ठ्याची बादली घेऊन तीनदा गेले आणि तिन्ही वेळा समोरच्या रांगेला वाढत गेले. खुद्द नवरदेव मठ्ठ्यावाचून उठला. मामा एकदम म्हणाले, ‘मधली वाट किती रुंद होती?’ मी म्हणालो, मला काय माहीत, मी मठ्ठ्याकडे बघत होतो. तोवर ते उठून कागद शोधायला लागले होते. माझी कल्पना ती इतकीच.

पंगतीत कुणी कुणाच्या तोंडाजवळ नसतो. दोन रांगा भिंतींना पाठी लावून बसतात, मधून वाढप्याची वाट असते, आणि तरी सगळ्यांना सगळे दिसतात. गल्लीत तशा दोन रांगा केल्या तर मधली वाट म्हणजे गल्लीचा रस्ताच. दूधवालाही त्यातून जाईल आणि अक्काही. शिवाय पंगतीला वेळ असते. सगळ्यांना वाढून झाल्याखेरीज घास घ्यायचा नाही, सगळ्यांचं झाल्याखेरीज उठायचं नाही, म्हणजे आपोआप गर्दी नाही. आठला एक पंगत, नऊला दुसरी. एका घरातले शेजारी शेजारी, दोन घरांच्या मध्ये तुळशीच्या नाही तर कोरफडीच्या कुंड्या. मांडववाल्याने शाळेसारखी बाकं ठोकून दिली, पुढची फळी बिजागरीवर, टेकू काढला की फळी खाली पडावी अशी. बाक आणि फळी यांच्यामधलं अंतर अर्थातच सरासरी नागरिकाच्या पोटावरून ठरलं. वर दोन इंच सूट.

त्या पहिल्या पंगतीचं काय सांगू? अक्का हातात बादली आणि ओगराळं घेऊन मधून चालल्या आणि दोन्हीकडून माणसं बोलायलाच लागली. कुणी म्हणे इकडे तर्री, कुणी म्हणे त्या बाजूला जास्त शेव गेली. कित्येक महिने दारं लावून बसलेली माणसं सहा फुटांवरून एकमेकांना आग्रह करत होती. दूधवाला सायकलवरून मधून निघाला तर दोन्ही रांगांनी त्याला बसवून घेतलं आणि त्या दिवशी कॉलनीला दूध दहाला मिळालं. लोक इतर कॉलन्यांतून यायला लागले. अक्कांनी भावाला कळवलं, टेम्पो जरा थांबव.

फक्त एका माणसाला हे खपलं नाही. गल्लीतल्या एका निवृत्त साहेबांची पांढरी चारचाकी उजव्या भिंतीला कायम लावलेली असायची. तिच्यामुळे उजवी रांग मध्येच तुटायची. मामांनी तीनदा विनंती केली. साहेब म्हणाले, गाडी इथे मिसळीच्या आधीपासून आहे. वरून त्यांनी तक्रारही केली, की रस्ता अडवला आहे. एका रविवारी आठची पंगत नुकती वाढून होत होती आणि वॉर्ड ऑफिसातले एक अधिकारी स्कूटरवरून आले. शांत गृहस्थ. त्यांनी सगळं पाहिलं, मामांचा नकाशा हातात घेतला, त्यातल्या एका ढेरपोट्या आकृतीवर बोट ठेवून त्याखालची ‘सरासरी नागरिक’ ही अक्षरं वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मग एकच प्रश्न विचारला. रुग्णवाहिका आली तर?

त्या दिवसांत हा शब्द कानावर पडला की बोलणं थांबायचं. अक्का बादली धरून जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे बघवत नव्हतं, कारण ‘उठवा हे सगळं’ एवढे तीन शब्द आले की टेम्पो निघणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं.

मामांनी खिशातून शिट्टी काढली. त्यांनी याचाही विचार केला होता आणि आमच्याकडून दोनदा तालीमही करून घेतली होती. शिट्टी वाजली. सगळ्यांनी आपापली ताटं उचलली, टेकू निघाले, फळ्या खाली पडल्या आणि दोन्ही रांगा, त्यात प्राध्यापक, पोस्टमन, आजी, सगळे, वर्गात शिक्षा झाल्यासारखे ताट हातात घेऊन बाकांवर उभे राहिले. मधला रस्ता एका झटक्यात मोकळा. अधिकाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. मामांच्या चेहऱ्यावर मी तिन्ही चौकोनांतल्या सह्या एकदम पाहिल्या.

आणि मग सगळ्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी उठलो नव्हतो. मला उठताच येत नव्हतं. मापं दिल्यापासून मी प्रत्येक पंगतीला चाचणीच्या नावाखाली हजेरी लावत होतो, कधी कधी आठच्या आणि नऊच्याही, आणि दोन इंचांची सूट मी केव्हाच खाऊन टाकली होती. फळी पोटावर अडकली होती, पोट फळीवर अडकलं होतं, आणि माझ्या बाकाची फळी पडत नव्हती. मी हसण्याचा प्रयत्न केला. श्वास घेतला की फळी वर यायची, सोडला की ताट हलायचं. आयुष्यात एवढी शांतता मला रंगमंचावर कधी मिळाली नाही.

मामा माझ्याजवळ आले. नकाशात चूक निघाली असं त्या माणसाने सबंध नोकरीत कबूल केलेलं मी ऐकलं नव्हतं. अधिकाऱ्यांकडे वळून ते म्हणाले, ‘चूक माझी आहे. माप घेतलं तेव्हा जावईबापू उपाशी होते.’

आधी पोस्टमन हसला, मग सगळी गल्ली. अक्कासुद्धा हसल्या आणि हसता हसता सवयीने माझ्या ताटात एक ओगराळं रस्सा वाढून मोकळ्या झाल्या. अधिकारी हसले नाहीत. त्यांनी मोकळ्या रस्त्यावरून एक नजर फिरवली. सबंध गल्लीत न हललेल्या गोष्टी दोनच होत्या. एक मी आणि दुसरी ती पांढरी गाडी. फाटकात उभ्या असलेल्या साहेबांना त्यांनी हात जोडून विचारलं, ‘या दोहोंपैकी एक तरी हलवता येईल का?’

साहेबांनी एकदा माझ्याकडे नीट पाहिलं आणि किल्ली आणायला आत गेले. मला चौघांनी मिळून बाजूने ओढून काढलं. अधिकारी म्हणाले की रोज दहापर्यंत गल्ली मोकळी झाली पाहिजे आणि या गृहस्थांना कडेच्या बाकावर बसवा. अक्कांनी त्यांना बसायचा आग्रह केला, तर नको म्हणाले. मग पापड तेवढा घेतला, आणि स्कूटरवर बसून खाल्ला. दसऱ्याला अक्कांनी भट्टीला झेंडूची माळ घातली आणि भावाला पेढे धाडले.

आता सगळं पूर्ववत झालं आहे. गाड्या धावतात, अक्कांची खोली सकाळी सातला भरते आणि बाहेर नंबर लावावा लागतो. बाकं मांडववाल्याने परत नेली, पांढरी गाडी पुन्हा भिंतीला उभी असते. दुकान वाचलं, त्यामुळे गल्लीला पंगतीची गरज उरली नाही. हे चांगलंच झालं, आणि तरी तिथून जाताना मला कसंसंच होतं.

निर्बंध उठल्यावर झालेल्या शेवटच्या पंगतीला मामा नेहमीप्रमाणे मध्ये उभे होते. अक्कांनी त्यांना म्हटलं, ‘मामा, आज तुमी बसा.’ तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत हा माणूस एकदाही पंगतीला बसलेला नाही. सगळ्यांचं झाल्यावर ते डबा भरून घेत आणि घरी जाऊन एकटेच खात. मामांनी नकाशा उलगडला, बराच वेळ त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाले, ‘माझी जागा धरायची राहिली.’ मी सरकलो, पलीकडे पांढऱ्या गाडीवाले साहेब सरकले, आणि आमच्या मध्ये जेमतेम एक माणूस मावेल इतकी फट झाली. मामा तिथे अंग चोरून बसले. अक्कांनी वाढलं. त्यांनी पावाचा तुकडा मोडला तेव्हा त्यांचं कोपर माझ्या कोपराला लागलं. तसंच खात राहिले. रस्सा दोनदा घेतला. मग, मान वर न करता, मला म्हणाले, ‘घरी इतकी तिखट लागत नाही हो.’ माझं ताट केव्हाच रिकामं झालं होतं. पण त्यांचं व्हायचं होतं, म्हणून मी बसून राहिलो.